तीनशे तीनमधलं रडणं

मी दरवाजा बोलतोय. तीनशे दोनचा. दरवाज्याने बोलायचं नसतं, फार तर करकरायचं, आणि तेही कोणी तेल घालेपर्यंत, हे मला ठाऊक आहे. पण एक गोष्ट माझ्यापाशी अडकून राहिली आहे आणि ती ज्या बाईला सांगायला हवी होती ती आता इथे राहत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. उभ्या उभ्याच ऐका. आत बोलावणं माझ्या हातात नाही.

माझा जन्म हद्दीपलीकडे, गुजरातेतल्या एका कारखान्यात झाला. वरून सागाच्या रंगाचा सनमायका, आतून दाबलेला भुसा. मला पाहणारा प्रत्येक जण "वा, सागवान!" म्हणतो आणि मी गप्प राहतो. पुढे या इमारतीत जी प्रतिष्ठित मंडळी राहायला आली, त्यांच्याशी माझं या एका बाबतीत छान जमतं.

इमारतीचं नाव 'सागरदर्शन'. डहाणूच्या मसोलीत जिथे पूर्वी चिकूची वाडी होती तिथे ती उभी आहे. सागराचं दर्शन गच्चीवरूनसुद्धा होत नाही, पुढच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. आवारात चिकूची दोन झाडं मात्र शिल्लक आहेत, कारण बिल्डरने ती माहितीपत्रकात छापली होती.

आम्ही सोळा दरवाजे एकाच टेम्पोतून आलो. समोरचा तीनशे तीनचा टेम्पोत माझ्या अंगाला अंग लावून होता. इथे आल्यावर आमच्यात चार पावलांचा चौक आला आणि आज नऊ वर्षं आम्ही एकमेकांकडे नुसते बघत आहोत. माणसांचं वळण दरवाज्यांना लवकर लागतं.

पहिली साडेपाच वर्षं माझ्यामागे कोणीच राहत नव्हतं. मालक मुंबईचे. त्यांनी हवापालटासाठी घर घेतलं, दोनदा हवा पालटली आणि मला कुलूप घालून गेले ते गेलेच. रिकाम्या घराची राखण म्हणजे काय, ते एखाद्या दरवाज्यालाच विचारा. आत धूळ बसते तिचाही आवाज कानावर येतो. दिवाळीत बाकीच्या पंधरांना तोरणं लागायची, मला कुरिअरवाल्याची चिठ्ठी.

त्या वर्षांत गाव मात्र फुगत चाललं होतं. राजधानी लोकलच्या रुळांवरून सरकत सरकत इथवर येऊन पोचली होती. "आता डहाणू म्हणजे मुंबईच समजा," असं लोक माझ्यासमोर उभं राहून एकमेकांना सांगायचे. मुंबईने तसं समजलं होतं की नाही, हे कोणी विचारून आलेलं नव्हतं.

मग एका सकाळी माझं कुलूप निघालं. घर उमेशने घेतलं होतं. उमेश रेल्वेत, सिग्नलच्या खात्यात. बायको सुषमा परिचारिका. दोघांच्याही पाळ्या. सामान चढत असताना तीनशे तीनमधून एकनाथराव बाहेर आले. ते सोसायटीचे सेक्रेटरी. सांगलीकडचे, रेल्वेतल्या बदलीने डहाणूला आलेले आणि निवृत्त होऊन इथेच राहिलेले.

"कुठले तुम्ही?"

"तलासरीचा, साहेब."

"ते झालं. मूळचे?"

"मूळचा पण तलासरीचाच. पाडा आहे आमचा तिकडे."

"हां हां, पाड्यावरचे." एकनाथरावांनी एक खोका जरा बाजूला सरकवला, पायाने. "आमची काही हरकत नाही हं. आमच्याकडे सगळ्या प्रकारचे लोक आहेत."

"साहेब, तुम्ही कुठले?"

"आम्ही?" एकनाथरावांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "आम्ही इथलेच. साडेपाच वर्षं झाली."

ज्याचे पणजोबा या मातीत गेले तो बाहेरून आलेला, आणि बदलीने आलेले ते इथले, हा हिशेब मी तेव्हापासून लावतो आहे. भुशाच्या डोक्याला तो झेपत नाही.

उमेश फार लवकर शहाणा झाला. घंटी वाजली की आधी भिंगातून बघायचं, मग माझी साखळी लावूनच उघडायचं, आणि बोलणं संपायच्या आत लावायचं, हे सगळं तो महिनाभरात शिकला. वास्तुशांतीचे पेढे त्याने पंधरा घरी दिले. सगळ्यांनी घेतले. आत कोणी आलं नाही. उमेशने ते मनाला लावून घेतलं नाही, निदान माझ्यादेखत तरी नाही. त्याने फक्त मला जास्त वेळ बंद ठेवायला सुरुवात केली.

गेल्या दिवाळीनंतर त्याने आईला आणलं. तिचं नाव बारकी. नवरा लाहू जाऊन बरीच वर्षं झाली होती. पाड्यावरचं घर रस्ता रुंद करण्यात गेलं आणि बारकी एक गाठोडं, एक वरवंटा आणि एक कोंबडी घेऊन इथे आली. कोंबडी खाली वॉचमननेच अडवली. वरवंटा वर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमेश कामावर गेला तशी बारकी माझ्यापाशी आली. मला ओढलं, सताड उघडलं आणि पायाशी वरवंटा लावून ठेवला.

"आये, इथं लावूनच ठेवतात," सुषमा म्हणाली.

"दिवसाढवळ्या?"

"हो."

"सगळीच?"

"सगळीच."

बारकीने समोरच्या दाराकडे पाहिलं, खालच्या जिन्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "आपल्याकडं दिवसा दार लोटलेलं कवा असतं? घर सोडून गेल्यावर, नायतर कोणी मेल्यावर. मंग हतं या बिल्डिंगमधी सगळ्यांच्या घरात..."

सुषमा हसली. इतक्या जवळून हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्या दिवसापासून मी उघडा राहू लागलो. खोटं बोलत नाही मी, दरवाज्याला उघडं राहणंही जमतं. सवय लागते इतकंच. वारा आरपार जायचा. बारकी माझ्या उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची.

"कुठं चालली गं?"

"जेवलास का रं?"

तिच्या बोलीत सगळे 'तू'. वॉचमन तू, डॉक्टर तू, एकनाथरावही तू. पहिल्यांदा "काय रं, दमलास का?" असं तिने त्यांना विचारलं, तेव्हा ते दोन पायऱ्या चुकले.

विचारण्यात उत्तराची अपेक्षा नसते. पाड्यावर माणूस समोरून गेला की असं विचारतात, तोही काहीतरी सांगतो आणि चालू लागतो. इथे लोकांना ती चौकशी वाटली. "कुठे चालले ते हिला कशाला सांगायचं?" असं वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्याच्या वळणावर पुटपुटल्या. थोड्याच दिवसांत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरची मंडळी लिफ्टने ये-जा करू लागली. 'जिना चढा, तब्येत राखा' असा कागद ज्यांनी खाली चिकटवला होता, तेसुद्धा.

उत्तरं द्यायचे ते फक्त पार्सलवाले आणि सिलिंडरवाला. "आजी, चारशे एकला चाललोय. गरम पाणी नको, गार दे."

आणि एक सोनीबाई. ही खाडीकाठच्या 'धाकटी डहाणू' गावची, डोक्यावर मासळीची पाटी. खालून तिची आरोळी आली की बारकी जिन्यात जाऊन तिला हाक मारायची. सोनीबाई वर यायची, पाटी उतरवून माझ्या चौकटीला पाठ टेकायची.

"काय गं जंगलवाली, बिल्डिंगमध्ये करमतं का?"

"तुझी खाडी बरी नि माझा डोंगर बरा. हे काय हाय, ना खाडी ना डोंगर."

"अगो, शेजारी बोलतात की नाय?"

"शेजारी हायेत का, तेच बघतंय मी."

दोघी इतक्या हसायच्या की माझ्या बिजागऱ्या हलायच्या. दोन आठवड्यांनी खाली पाटी लागली: 'मासळी, भंगार व फेरीवाले यांस वर सोडू नये.' सोनीबाईची आरोळी त्यानंतरही खालून यायची. बारकी जिन्याच्या कठड्याशी जाऊन "मी हतंच हाय!" असं ओरडायची. थोड्या दिवसांनी तेही थांबलं. गुडघे दोघींचेही दुखत होते.

रोज संध्याकाळी उमेश मला बंद करून, माझ्याच पाठीला टेकून, सुषमाला मोबाइलवरचे सोसायटीच्या ग्रुपचे संदेश वाचून दाखवायचा. 'काही सदनिकांची दारे दिवसभर उघडी असतात. सुरक्षेचा विचार व्हावा.' 'वास.' 'आपण आता शहरात राहतो ही जाणीव असावी.' नाव कोणी लिहीत नव्हतं. सोळा दारांपैकी उघडं एकच होतं, त्यामुळे नावाची गरजही नव्हती.

"आये, जरा लोटून तरी घेत जा ना," उमेश म्हणायचा. घरात तो तिला 'आये' म्हणायचा, जिन्यात 'आई'.

"लोटलं तर मी हाय का मेली, कोणाला कळंल?"

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

या इमारतीत मोबाइलला रेंज घरात येत नाही, आमच्या चौकात येते. त्यामुळे इथली सगळी गुपितं माझ्या आणि समोरच्या दरवाज्याच्या मधोमध उभं राहून, हलक्या आवाजात, पूर्णपणे ऐकू येतील अशी बोलली जातात. जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी एकनाथराव बाहेर आले, आपलं दार मागे ओढून घेतलं आणि फोनवर बोलू लागले. बारकी तेव्हा आत न्हाणीघरात होती, वरवंटा जागेवर, मी उघडा.

"हो, कळलं... पहाटेच? ...नाही हो, आम्हाला यायला नाही जमणार. हिची तब्येत... हो, मोठ्या बहिणीचं म्हणजे धक्काच. पण रविवारी इथे सोसायटीचा सत्यनारायण आहे, माझ्या हातून आहे. शास्त्राने बघितलं तर हिच्या बहिणीचं सुतक मला लागत नाही. पण लोकांना कोण समजावणार? शंका काढतील. छापील पत्रिका गेल्यात हो. तुम्ही उरकून घ्या."

मग ते आत गेले. दार बंद झालं. त्यांच्या पत्नी वसुमतीबाई, निवृत्त शिक्षिका, त्यानंतर दोन दिवस बाहेर दिसल्या नाहीत.

शुक्रवारी दुपारी बारकीचे हात तांदळात थांबले. तिने मान वळवली आणि समोरच्या दाराकडे कान लावला. आतून बाईमाणसाचं रडणं येत होतं. दाबलेलं, उशीत तोंड घालून रडतात तसं. बारकी कितीतरी वेळ ऐकत राहिली. मग तिने सूप बाजूला ठेवलं.

बारकीबद्दल एक तुम्हाला सांगायचं राहिलं. तिच्याकडच्या सात पाड्यांत कोणी गेलं की बारकीला बोलावणं जायचं. ती जाऊन घरच्या बाईच्या गळ्यात पडायची, रडायची, तिला रडवायची, आणि मग चूल पेटत नसते म्हणून आपल्या घरचा भात तिला भरवायची. तिच्या हातून रडलेली बाई सावरते असं तिकडे मानतात. हे ती सोनीबाईला सांगायची तेव्हा मी ऐकलं होतं. फुशारकीने नव्हे, शिंपी जसा शिवणाबद्दल बोलतो तशी ती बोलायची.

शुक्रवारभर तिने वाट पाहिली. मयताच्या घरी माणसं येतील, तेव्हा आपणही जाऊ. कोणी आलं नाही. शनिवारी दुपारी पुन्हा रडणं आलं. "कसली ही माणसं," ती स्वतःशीच म्हणाली. "बाय एकटी रडते नि कोणी जात नाय." तिने पातेलंभर भात आणि डाळ केली, डोक्यावरून पदर घेतला आणि वरवंटा ओलांडून समोर गेली.

मला ओरडायचं होतं. थांब, असं नव्हे. जा, पण हळू जा, असं. तेवढ्यात वाऱ्याने मी थोडा हललो, एवढंच.

घंटी कशासाठी असते हे तिने कधी लक्षात घेतलं नव्हतं. ती तीनशे तीनच्या दाराशी बसली, पातेलं बाजूला ठेवलं आणि तिने सूर लावला.

"माझे बाय गंऽऽ, कोण तुला टाकून गेला गंऽऽ, एकली कशी बसलीस गंऽऽ..."

त्या आवाजाने सगळा जिना भरला. उद्याच्या पूजेसाठी खाली हार करायला जमलेल्या बायका वर धावल्या. वरच्या मजल्यावरचे वाकून पाहू लागले. लिफ्टही तिसऱ्या मजल्यावर येऊन थांबली.

दार उघडलं. वसुमतीबाई. डोळे सुजलेले, केस सुटलेले. बारकी उठली आणि काही न विचारता त्यांच्या गळ्यात पडली.

वसुमतीबाईंचा हात वर आला. बारकीच्या पाठीवर आला आणि तिथे तो घट्ट झाला. दरवाज्याला वेळ मोजण्यावाचून काम नसतं, म्हणून खात्रीने सांगतो: आठ श्वास त्या दोघी तशाच उभ्या होत्या. नवव्या श्वासाला मागून एकनाथराव आले.

बारकीने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला.

"आं! हा तर जिता हाय! बरं झालं रं, तू नाय गेलास!"

जिन्यात हशा पिकला.

"काय चाललंय काय हे?" एकनाथराव म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"मंग कोण गेला?"

"कोणी गेलेलं नाही! उद्या पूजा आहे इथे, आणि दारात बसून हे अभद्र? अहो, घरात सगळे धडधाकट आहेत!"

"मंग ही रडते ती?"

सगळ्यांनी वसुमतीबाईंकडे पाहिलं. एकनाथरावांनीही पाहिलं, आणि त्यांचं पाहणं सगळ्यांहून वेगळं होतं. वसुमतीबाईंचा हात बारकीच्या पाठीवरून खाली आला.

"टीव्ही," त्या म्हणाल्या. "टीव्ही चालू होता. मालिकेतली बाई रडत होती."

"नि तुझं डोळं?"

"कांदा चिरत होते."

पूजेच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरात कांद्याची सालही राहत नाही. हे मला माहीत होतं आणि समोरच्या दरवाज्याला माहीत होतं. आम्ही दोघंही नेहमीप्रमाणे एकमेकांकडे बघत राहिलो.

"हे उचला आधी," एकनाथराव पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाले. "आमच्याकडे असलं चालत नाही."

बारकीने पातेलं उचललं. जिन्यातल्या बायका बाजूला झाल्या, जरा जास्तच. "त्यांच्यात असतं तसं," एक जण म्हणाली. "पाड्यावरून एकदम फ्लॅटमध्ये आणलं की असंच होणार," दुसरी. तिसऱ्या कोणाच्या तरी हातात मोबाइल होता आणि तो बारकी माझ्यातून आत जाईपर्यंत वरच धरलेला होता.

संध्याकाळी उमेश आला तेव्हा त्याने ते चित्रण तीन ठिकाणांहून आलेलं पाहिलं होतं.

"तुला काय गरज होती, आये?"

"रडत होती ती. मी ऐकलं."

"टीव्ही होता!"

"माणूस रडतो ना, तर मधी थांबतो. नाक वढतो. परत सुरू करतो. टीव्हीतली बाय थांबत नाय."

"त्या स्वतः सांगतायत ना, टीव्ही होता? सगळ्यांसमोर? शिकलेली बाई आहे ती, मास्तरीण. ती खोटं बोलेल आणि तुझंच खरं?"

उमेशने मला बंद केलं आणि वरवंटा उचलून ओट्याखाली ठेवला.

रविवारी पूजा झाली. एकनाथराव सोवळ्यात बसले, शेजारी वसुमतीबाई जरीच्या साडीत. "केवढ्या शांत दिसत होत्या!" असं जाताना बायका म्हणत होत्या. आमच्या वाटणीचा प्रसाद कोणीतरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या कडीला अडकवून गेलं. घंटी वाजवली नाही.

त्यानंतरच्या बैठकीत ठराव झाला: दारं आपोआप मिटतील असा क्लोजर सर्वांनी बसवून घ्यावा. ठराव सोळा दारांसाठी होता, अंमलबजावणी माझ्यावर झाली. उमेशने स्वतःच सुतार आणला. तेव्हापासून माझ्या डोक्यावर एक लोखंडी हात आहे. मला कोणी कितीही उघडलं तरी तो मला मागे ढकलतो, सावकाश, अगदी सभ्यपणे. बारकीने एकदा वरवंटा परत आणून लावून पाहिला. मी त्याला हळूहळू सरकवत नेलं आणि मिटलो. ती बघत उभी राहिली. तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

खरं सांगायचं तर दार मिटलं म्हणून ती खचली नाही. ती खचली ती दुसऱ्याच गोष्टीने. रोज दुपारी ती टीव्ही लावून बसू लागली. मालिकेतल्या बायका रडू लागल्या की पुढे सरकून, मान वाकडी करून ऐकायची. एक रडणं, दुसरं रडणं. मग आवाज बंद करून बसायची. पुन्हा लावायची. आठवडाभराने ती सुषमाला म्हणाली, "मला माणसाचं रडणं नि टीव्हीचं रडणं सारखं वाटाया लागलं. कान गेलं माझं."

"आये, असं नसतं गं."

"असंच हाय. सात पाडं मी रडली. तवा पण चुकलीच असंल कुठं कुठं. कोण सांगतो?"

फेब्रुवारीत तिच्या बहिणीचा, रूपीचा फोन आला. रूपी तलासरीच्या पलीकडे, गुजरातच्या अंगाला राहते. तिच्या शेजारचा झिपरू गेला होता. बायको गप्प बसली होती, रडत नव्हती, तिला रडवायला बारकी हवी होती. उमेशने गाडीसुद्धा विचारून ठेवली.

"दुसऱ्या कोणाला न्या," बारकी म्हणाली. "मला आता त्यातलं कळत नाय."

आत मी तिच्या पाठीमागे होतो. समोर, चार पावलांवर, तिची चूक नव्हती हे जाणणारी बाई बसलेली होती. मधे मी होतो. मला उघडलं असतं आणि समोरचा उघडला असता, आणि कोणी दोन शब्द बोललं असतं, तर झिपरूच्या बायकोला त्या रात्री रडायला जमलं असतं. पण दोन दरवाज्यांना एकाच वेळी उघडायला दोन्ही बाजूंनी माणसं लागतात.

होळीच्या आधी बारकीने गाठोडं बांधलं. रूपीकडे जाते म्हणाली. उमेशने दोनदा "राहा ना" म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाला नाही. सुषमाने रजा काढली आणि ती तिला पोचवायला निघाली. बारकी बाहेर पडली, दोन पावलं गेली, थांबली. समोरच्या दारापाशी उभी राहून तिने कान लावला. आतून काही येत नव्हतं. तिने मान हलवली, स्वतःलाच समजावल्यासारखी, आणि जिना उतरू लागली. मी तिच्यामागे आपोआप मिटलो.

त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला समोरचं दार उघडलं. एकनाथराव पंचायतीच्या कचेरीत गेले होते. वसुमतीबाई चार पावलं चालत आल्या. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी घंटी वाजवली. थांबल्या. परत वाजवली.

"बारकीबाई." आवाज बारीक होता. "मी समोरची. आहात ना आत?"

आत कोणी नव्हतं.

"तुम्ही त्या दिवशी आलात ना... माझी ताई गेली होती. आईमागे तिनेच मला वाढवलं. मला जाऊ नाही दिलं शेवटचं बघायला. मी..." त्या थांबल्या. नाक ओढलं. पुन्हा सुरू झाल्या. "तुम्ही बरोबर ऐकलं होतंत. मी खोटं बोलले. सगळ्यांसमोर. रागावलात ना? रागवा. पण उघडा. बारकीबाई, एकदा उघडा."

त्यांचा तळवा माझ्यावर होता. गरम होता. माझ्या आत नुसता भुसा आहे, हे मला इतकं कधी खुपलं नव्हतं. ती रागावलेली नाही, ती इथे नाहीच, एवढं साधं मला सांगता आलं नाही. बंद दरवाजा एकच गोष्ट बोलतो आणि ऐकणारा ती हवी तशी ऐकतो. वसुमतीबाईंनी ऐकलं: तोंड बघायचं नाही तुमचं. बराच वेळ त्या कपाळ टेकून उभ्या राहिल्या. मग पदराने माझ्यावरचा ओला डाग पुसला आणि गेल्या.

दोन दिवसांनी सुषमा त्यांना जिन्यात भेटली.

"सासूबाई दिसत नाहीत?"

"गावी गेल्या. परवा सकाळीच गेल्या."

"परवा सकाळी?" वसुमतीबाईंनी कठडा धरला. "म्हणजे दुपारी त्या नव्हत्या?"

"नाही. का हो, काही काम होतं?"

मागे एकनाथराव किल्ली वाजवत उभे होते. "काही नाही," वसुमतीबाई म्हणाल्या. "सहज विचारलं."

त्यालाही आता महिने झाले. माझी हकिकत इथवर आली आहे. मी चांगल्या स्थितीत आहे. सनमायका एका कोपऱ्यात सुटला आहे, पण लांबून दिसत नाही. क्लोजर उत्तम चालतो. सोसायटीच्या ग्रुपवर माझं नाव निघत नाही, आणि यापेक्षा मोठी प्रतिष्ठा इथे कोणाला मिळत नाही. दुपारी तीन वाजता समोरून कधी कधी आवाज येतो. इकडून जाणारं कोणी नसतं.

मला स्वतःसाठी काही मागायचं नाही. तेल सुषमा घालते. तुमच्यापैकी कोणी कामाने तलासरीच्या बाजूला जाणार असाल, तर जरा पुढे जाऊन रूपीचा पाडा विचारा. तिथे एक म्हातारी उंबऱ्यावर बसलेली असेल. कोणी मेलं तरी ती आता जात नाही, म्हणते कान गेले. तिच्याजवळ बसा. कुठं चाललास म्हणून ती विचारेल, काहीतरी उत्तर द्या. आणि मग तिला एवढंच सांगा, की त्या शनिवारी तीनशे तीनमधला टीव्ही बंद होता.